विश्लेषण : ‘युद्धपातळीवर काम सुरू’ म्हणजे नेमके काय? युद्धकाळात सरकारी खात्यांच्या प्रगती अहवालांची मोट कशी बांधतात?

रस्त्यावरचे खड्डे असोत, पुराचा गाळ असो की लसीकरण. ‘काम युद्धपातळीवर सुरू आहे’ हे वाक्य मराठी बातमीत हमखास सापडते. पण खऱ्या युद्धात सरकारचे काम चालते कसे? डझनभर खाती, प्रत्येकाचे वेगळे आकडे, वेगळी घाई. त्यातून काय झाले, काय राहिले आणि कोणामुळे राहिले, हे सर्वोच्च नेत्याला कळते कसे? दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटन हे याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण. तिथे घडलेली अहवालांची पद्धत यशस्वी का ठरली, बंगालच्या दुष्काळात तीच पद्धत का कोलमडली आणि १९६२ च्या पराभवाशी इतिवृत्तांचा काय संबंध, याचा हा वेध.

युद्धात प्रगती अहवाल इतका महत्त्वाचा का?

शांततेच्या काळात एखाद्या खात्याचा अहवाल महिनाभर रखडला तर फार तर एखादा प्रकल्प लांबतो. युद्धात तसे नसते, कारण खाती एकमेकांत गुंतलेली असतात. विमान बनवायचे तर ॲल्युमिनियम हवे, ते जहाजाने येणार. जहाज बंदरात अडकले तर गोदीकामगार हवेत आणि तेच कामगार लष्करभरतीत ओढले गेलेले असतात. धान्याच्या जहाजात दारूगोळा भरला तर शिधावाटपाचे गणित चुकते.

अशा वेळी प्रत्येक खाते ‘आमचे काम व्यवस्थित सुरू आहे’ असे कळवत असते आणि ते त्याच्यापुरते खरेही असते. अडचण असते ती दोन खात्यांच्या मधल्या जागेत. तिथे काय अडले आहे हे कोणाच्याच अहवालात येत नाही. अहवालांचा समन्वय म्हणजे या मधल्या जागेवर नजर ठेवण्याची व्यवस्था.

पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये काय स्थिती होती?

आज विश्वास बसणार नाही, पण १९१६ च्या अखेरपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकांचे इतिवृत्तच लिहिले जात नसे. काय ठरले याची नोंद म्हणजे पंतप्रधानांनी राजाला लिहिलेले पत्र. मंत्री आपापल्या आठवणीनुसार खात्यात जाऊन आदेश देत. दोन मंत्र्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत की, निर्णय झाला की नाही यावरच वाद सुरू.

डिसेंबर १९१६ मध्ये डेव्हिड लॉईड जॉर्ज पंतप्रधान झाले. त्यांनी मोजक्या मंत्र्यांचे युद्ध मंत्रिमंडळ स्थापन केले आणि त्याला पहिल्यांदाच सचिवालय दिले. मॉरिस हँकी हे त्याचे सचिव. त्याआधी ते साम्राज्य संरक्षण समितीचे सचिव होते आणि युद्ध सुरू होताच कोणत्या खात्याने कोणती तार कोणाला पाठवायची याची तपशीलवार ‘युद्ध पुस्तिका’ तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त आणि निर्णय संबंधित खात्याला लेखी कळवणे ही पद्धत हँकी यांनी बसवली. १९३८ पर्यंत ते त्या पदावर होते. निर्णय कोणाचा आणि तो कोणी अमलात आणायचा, हे कागदावर येणे ही पुढच्या सगळ्याची पहिली पायरी होती.

चर्चिल यांनी नेमके काय बदलले?

१० मे १९४० रोजी विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. त्यांनी संरक्षण मंत्रिपदही स्वतःकडे घेतले, पण त्यासाठी मोठे मंत्रालय उभारले नाही. युद्ध मंत्रिमंडळाच्या सचिवालयातील लष्करी शाखा आणि तिचे प्रमुख जनरल हेस्टिंग्ज इस्मे यांच्यामार्फतच तिन्ही सैन्यदलांशी व्यवहार होई. नागरी बाजू मंत्रिमंडळ सचिव एडवर्ड ब्रिजेस यांच्याकडे होती.

अहवालांच्या बाबतीत त्यांचे तीन आग्रह महत्त्वाचे ठरले. पहिला, सगळे लेखी. १९ जुलै १९४० च्या टिपणात त्यांनी स्पष्ट केले की, संरक्षणविषयक आपले आदेश लेखी असतील किंवा लगेच लेखी कायम केले जातील. नोंद नसलेल्या तोंडी निर्णयांची जबाबदारी आपण घेणार नाही. ‘साहेबांनी सांगितले आहे’ या सबबीला त्यामुळे वाव उरला नाही.

दुसरा, थोडक्यात. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवरील हवाई युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी सर्व खात्यांना अहवाल कसा लिहावा यावर टिपण पाठवले. मुद्दे छोट्या, नेमक्या परिच्छेदांत मांडा; आकडेवारी आणि किचकट तपशील परिशिष्टात टाका; पूर्ण अहवालाऐवजी मुद्द्यांची यादी पुरत असेल तर तीच द्या; पोकळ शब्दप्रयोग गाळा, असा त्याचा आशय होता. जागा भरण्यासाठी लिहिलेली वाक्ये वाचण्यात वेळ जातोच, शिवाय खरा मुद्दा त्यात बुडतो, ही तक्रार होती.

तिसरा, मुदत. तातडीच्या टिपणांवर ‘ॲक्शन धिस डे’, म्हणजे ‘कृती आजच’, अशी लाल चिठ्ठी चिकटवली जाई. ती चिठ्ठी असलेला कागद दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची सोय नसे. या चिठ्ठीचा दरारा इतका की, पुढे ती त्यांच्या कारकिर्दीची ओळखच बनली.

एक टिपण निघाल्यावर पुढे काय होई?

याचे उत्तम उदाहरण ब्लेचली पार्कचे. तिथे जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम चाले. काम यशस्वी होत होते, पण कारकून, टंकलेखक आणि यंत्रे चालवणारी माणसे कमी पडत होती. मागणी नेहमीच्या मार्गाने वर जात होती आणि अडकत होती. हे काम इतके गुप्त होते की, मनुष्यबळ वाटणाऱ्या खात्यांना त्याचे महत्त्वच माहीत नव्हते.

अखेर २१ ऑक्टोबर १९४१ रोजी ॲलन टुरिंग, गॉर्डन वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी या चौघांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. मिल्नर-बॅरी यांनी ते स्वतः लंडनला नेऊन १०, डाउनिंग स्ट्रीटवर पोहोचवले. दुसऱ्याच दिवशी चर्चिल यांनी इस्मे यांना ‘कृती आजच’ची चिठ्ठी लावून आदेश दिला. या लोकांना हवे ते सर्व सर्वोच्च प्राधान्याने मिळेल याची खात्री करा, असा तो आदेश होता. त्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा होता : तसे झाले, हे मला कळवा. १८ नोव्हेंबरला गुप्तहेर खात्याच्या प्रमुखांनी शक्य ती सर्व पावले उचलली जात असल्याचे कळवले.

या साखळीत पद्धतीचा गाभा आहे. अडचण खालून वर आली, निर्णय एका दिवसात झाला, तो अमलात आणण्याची जबाबदारी एका नावावर पडली आणि पूर्ततेचा अहवाल परत आला. ‘आदेश दिला’ इथे फाइल बंद झाली नाही, ‘आदेश पाळला’ इथे झाली. त्याच वेळी यातून पद्धतीतील दोषही दिसतो. नेहमीचा मार्ग बंद झाल्यामुळेच चौघांना शिष्टाचार मोडावा लागला होता.

दोन खात्यांचे आकडे जुळले नाहीत तर?

युद्धाच्या पहिल्या वर्षात हीच सर्वांत मोठी डोकेदुखी होती. एकाच विषयावर दोन मंत्री वेगवेगळे आकडे घेऊन बैठकीला येत आणि वेळ निर्णयाऐवजी आकड्यांच्या वादात जाई. चर्चिल यांनी यासाठी ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापक फ्रेडरिक लिंडेमन, म्हणजे पुढचे लॉर्ड चेरवेल, यांच्या हाताखाली मोजक्या अर्थतज्ज्ञांची सांख्यिकी शाखा ठेवली होती. खात्यांचे आकडे तपासायचे, तुलना करायची आणि पंतप्रधानांसाठी एका पानाचे टिपण वा आलेख तयार करायचा, हे तिचे काम.

एक वाद तर न्यायाधीशांपर्यंत गेला. जर्मनीकडे किती लढाऊ ताकदीची विमाने आहेत, यावर हवाई मंत्रालय आणि आर्थिक युद्ध मंत्रालय यांचे अंदाज जुळेनात. आघाडीवरची विमाने मोजायची की राखीव धरून, एका तुकडीत किती विमाने मानायची, इथूनच मतभेद होते. डिसेंबर १९४० मध्ये चर्चिल यांनी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सिंगलटन यांना दोन्ही बाजू ऐकण्यास सांगितले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला : जर्मन आणि ब्रिटिश हवाई दलांच्या बळाचे प्रमाण साधारण चारास तीन धरावे. धास्तीने धरला जात होता त्यापेक्षा हा फरक बराच कमी होता.

त्याच जानेवारीत मंत्रिमंडळ कार्यालयात केंद्रीय सांख्यिकी कार्यालय सुरू झाले. हेतू सोपा होता. सर्व खात्यांनी मान्य केलेला एकच आकडा असावा आणि तोच सर्वांनी वापरावा. सोबतच्या अर्थविभागात जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज तयार केले. ते एप्रिल १९४१ मध्ये अर्थसंकल्पाबरोबर प्रसिद्ध झाले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या राष्ट्रीय लेखा पद्धतीची मुळे या युद्धकाळातील हिशेबात आहेत. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

काम करणाऱ्याचाच अहवाल खरा मानायचा का?

१९४१ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने रोज रात्री जर्मनीवर जात आणि परतलेले वैमानिक लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगत. अहवाल उत्साहवर्धक होते. लिंडेमन यांना मात्र शंका होती. त्यांच्या सूचनेवरून युद्ध मंत्रिमंडळ सचिवालयातील डेव्हिड बट यांनी जून आणि जुलैमधील १०० हल्ल्यांदरम्यान विमानांतील कॅमेऱ्यांनी टिपलेली ६०० हून अधिक छायाचित्रे तपासली.

ऑगस्टमध्ये आलेला निष्कर्ष धक्कादायक होता. लक्ष्यावर हल्ला केल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या, आत पोहोचली होती. धुराने झाकलेल्या रूर औद्योगिक पट्ट्यात हे प्रमाण दहात एक होते.

वैमानिक खोटे बोलत नव्हते. अंधारात, ढगांवरून, तोफांच्या माऱ्यात त्यांना जे वाटले ते त्यांनी सांगितले होते. हवाई दलाच्या वरिष्ठांनी बट यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, पण अहवाल दडपला गेला नाही. दिशादर्शक यंत्रणा सुधारण्याला त्यानंतर वेग आला. धडा असा की, काम करणारा आणि मोजणारा एकच असेल तर प्रगती नेहमी जास्तच दिसते. त्यासाठी कोणाला लबाड ठरवण्याची गरज नसते.

समित्यांचे जाळे कशासाठी?

प्रत्येक तंटा पंतप्रधानांकडे गेला असता तर युद्ध चालवायला वेळच उरला नसता. म्हणून देशांतर्गत प्रश्नांसाठी ‘लॉर्ड प्रेसिडेंट’ यांची समिती पुढे आली. ऑक्टोबर १९४० पासून तिचे अध्यक्ष सर जॉन अँडरसन होते. ते मुरलेले प्रशासक. त्याआधी बंगालचे गव्हर्नरही होते. शिधा, मजुरी, कोळसा, मनुष्यबळ यांवरचे खात्याखात्यांतील वाद तिथेच मिटवले जात.

अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या तेव्हा ६ मार्च १९४१ रोजी चर्चिल यांनी एक निर्देश काढला. पाणबुड्यांशी लढणे हा त्याचा एक भाग होता. पण त्यात बंदरांत दुरुस्तीसाठी रखडलेली जहाजे, मालाची चढउतार, गोदीतला खोळंबा यांवरही मुद्दे होते. पुढच्या चार महिन्यांत काय व्हायला हवे ते त्यात मांडले होते. आढाव्यासाठी पंतप्रधानांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसे आणि नौदल, जहाज वाहतूक, कामगार, वाहतूक अशा खात्यांचे प्रमुख एकाच टेबलाशी असत. दुरुस्त होऊन बाहेर पडलेले जहाज हे नव्याने बांधलेल्या जहाजाइतकेच मोलाचे, हे त्या टेबलावर सगळ्यांना एकदम दिसले. मे १९४१ मध्ये जहाज वाहतूक आणि देशांतर्गत वाहतूक ही दोन खाती एकत्रच करण्यात आली.

अमेरिकेने वेगळे काय केले?

६ जानेवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ६० हजार आणि पुढच्या वर्षी सव्वा लाख विमानांचे उद्दिष्ट जाहीर केले. लष्कराच्या इतर मागण्याही तशाच अवाढव्य होत्या. प्रत्येक खाते आपली ऑर्डर ‘सर्वोच्च प्राधान्या’ची म्हणून पाठवू लागले आणि सगळेच सर्वोच्च झाल्यावर प्राधान्याला अर्थ उरला नाही.

युद्ध उत्पादन मंडळातील रॉबर्ट नेथन आणि सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडून दाखवले की, इतके पोलाद, तांबे, यंत्रे आणि मजूर देशात नाहीतच. उद्दिष्टे कमी केली नाहीत तर अर्धवट विमाने आणि अर्धवट कारखाने साचतील. लष्कराच्या पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल ब्रेहन सॉमरवेल यांनी हा अहवाल फेटाळून लावला. वाद चिघळला, पण १९४२ च्या शरद ऋतूत लष्करी नेतृत्वाने १९४३ चा कार्यक्रम आटोपशीर केला. पुढे पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीनच धातूंच्या वाटपावर नियंत्रण ठेवून सगळे उत्पादन ताळ्यावर आणणारी योजना आली. हजारो वस्तूंचे अहवाल मागवण्यापेक्षा तीन नाड्यांवर बोट ठेवणे सोपे होते. मे १९४३ मध्ये जेम्स बर्न्स यांच्याकडे युद्ध संघटन कार्यालय सोपवून खात्यांतील तंट्यांवर अंतिम निर्णय देणारा माणूसही नेमला गेला.

हीच यंत्रणा बंगालमध्ये का कोलमडली?

या यशोगाथेची दुसरी बाजू भारतीयांनी भोगली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानकडे गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळाचा तडाखा बसला. लष्करी खर्चाने भाव भडकले होते. प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ नये म्हणून सीमा बंद केल्या होत्या. केंद्रात स्वतंत्र अन्न खातेच डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झाले.

तेव्हा बंगालमध्ये नेमके किती धान्य आहे, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते. कायमधारा पद्धतीमुळे तिथे गावपातळीवर जमीन आणि पिकाची नियमित नोंद ठेवणारी महसूल यंत्रणा नव्हती. पिकाचे अंदाज बहुतांशी चौकीदारांच्या नजर पाहणीवर उभे होते. १९४३ च्या वसंतात प्रांतिक सरकार ‘तुटवडा नाही, साठेबाजी आहे’ असे सांगत राहिले. दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला असता तर मदतकार्य सुरू करणे सरकारवर बंधनकारक झाले असते. तो जाहीरच झाला नाही. कागदावर दुष्काळ नव्हता आणि कलकत्त्याच्या पदपथांवर माणसे मरत होती.

लंडनला मात्र माहिती पोहोचत होती. व्हाइसरॉय आणि भारतमंत्री लिओ अमेरी यांनी ५ लाख टन गव्हाची मागणी लावून धरली. ऑगस्ट १९४३ मध्ये युद्ध मंत्रिमंडळाने त्यातला लहानसा भागच मान्य केला. जानेवारीतच हिंदी महासागरातील जहाजफेऱ्यांत मोठी कपात झालेली होती. ती जहाजे ब्रिटनची आयात सांभाळण्यासाठी हवी होती. जहाजे भारताकडे वळवायला ज्यांचा विरोध होता, त्यांत बट अहवालामागचे तेच लॉर्ड चेरवेल होते. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली; नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात.

म्हणजे अहवाल वेळेवर आणि एका पानात येणे पुरेसे नसते. तक्त्यात कोणता रकाना आहे हे ज्याच्या हातात, तोच काय वाचवायचे हे ठरवतो. ब्रिटनच्या आयातीचा रकाना रोज पाहिला जात होता. बंगालच्या भुकेला त्या तक्त्यात तसे स्थान नव्हते.

पैसेवारी आणि सुखात्मे यांचा याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ‘आणेवारी’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत असल्याने गावोगावी तलाठी होता आणि पिकाची नोंद ठेवली जात होती. पण पैसेवारीही मुळात नजर अंदाजावरच आधारलेली. पीक पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर सारा माफी आणि सवलती ठरणार असल्याने त्या आकड्यावर दोन्ही बाजूंनी दबाव असे.

युद्धकाळातील अन्नटंचाईने पिकाचा खरा आकडा किती मोलाचा असतो हे दाखवले. या काळात कृषी संशोधन परिषदेत काम करणारे एक मराठी संख्याशास्त्रज्ञ पुढे आले : सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. यादृच्छिक पद्धतीने गावे निवडायची, त्यातील शेते निवडायची, शेतातील ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापून तोलायचे आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढायचा, ही पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नमुना पाहणीचे काम याच काळात सुरू होते. तुकडा किती मोठा असावा यावर दोघांचे तात्त्विक मतभेदही झाले.

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. आज पीक विम्याच्या भरपाईवरून गावात वाद होतो तेव्हा त्याच्या मुळाशी हाच पीक कापणी प्रयोग असतो.

१९६२ मध्ये भारतात काय चुकले?

चीनशी झालेल्या युद्धानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदरसिंग भगत यांनी पराभवाची लष्करी चौकशी केली. तो अहवाल सरकारने आजवर खुला केलेला नाही. मात्र ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. त्यातील एक निरीक्षण या विषयाच्या मुळाशी जाते. ईशान्य सीमेवरील कारवाईबाबत संरक्षणमंत्र्यांकडे होणाऱ्या बैठकांचे इतिवृत्त गोपनीयतेच्या कारणाने ठेवायचे नाही, असे ठरले होते. या निर्णयामुळे कोणत्याही मोठ्या निर्णयाची जबाबदारी अखेर कोणावरच राहिली नाही, असा अहवालाचा रोख आहे.

हँकी यांनी १९१६ मध्ये जी फट बुजवली होती, तीच इथे पुन्हा उघडली गेली. युद्धाच्या अखेरीस नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र आजही अभिमानाने सांगतो. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी लोकसभेत या चौकशीचे सार मांडले. १९६५ च्या युद्धाच्या काळात त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी प्रसिद्ध केली. कोणत्या दिवशी काय ठरले हे मंत्र्याच्याच नोंदीतून कळावे, हे त्या तीन वर्षांतील फरकाचे बोलके उदाहरण.

आज भारतात कोणती व्यवस्था आहे?

कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तचर संस्थांमध्ये माहितीची देवाणघेवाण पुरेशी नसल्याकडे बोट दाखवले. त्यातूनच पुढे मंत्रिगटाने २००१ मध्ये अनेक सुधारणा सुचवल्या. तिन्ही दलांत समन्वय साधणारे संरक्षण दलप्रमुखपद प्रत्यक्षात यायला मात्र १ जानेवारी २०२० उजाडावे लागले.

नागरी बाजूला केंद्राची स्वतःची युद्ध पुस्तिका आहे. युद्धप्रसंगी कोणत्या खात्याने काय करायचे याची दिशा ती देते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवशीच, ७ मे रोजी, देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव झाले. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर यांसारख्या संवेदनशील ठिकाणांचा त्यात समावेश होता. भोंगा वाजतो की नाही इतकाच अशा सरावाचा प्रश्न नसतो. अग्निशमन दल, रुग्णालय, पोलीस, वीज कंपनी आणि महापालिका यांचे निरोप एका ठिकाणी येतात का, हे त्यात तपासायचे असते.

युद्धाबाहेरही ही पद्धत वापरली जाते. रखडलेल्या प्रकल्पांचा पंतप्रधान राज्यांच्या मुख्य सचिवांसह दूरदृश्य प्रणालीद्वारे आढावा घेतात, तो ‘प्रगती’ मंच मार्च २०१५ मध्ये सुरू झाला. करोनाच्या टाळेबंदीत मार्च २०२० मध्ये केंद्राने ११ अधिकारप्राप्त गट नेमले तेव्हाही कल्पना तीच होती : खात्यांच्या भिंती ओलांडून एका प्रश्नाला एक गट जबाबदार.

अहवालांचा अतिरेक होतो का?

होतो आणि युद्धातही झाला. प्रत्येक वरिष्ठाला स्वतंत्र तक्ता हवा असतो. मग काम करणारा अधिकारी काम सोडून तक्ते भरत बसतो. चर्चिल यांच्या तगाद्यांनी सेनापती वैतागत, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. आपल्याकडे ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका यांची तक्रार वेगळी नाही. तीच माहिती तीन ॲपवर आणि दोन रजिस्टरमध्ये भरायची, शिवाय संध्याकाळी व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र टाकायचे. नुसते कागदी घोडे नाचवणे वेगळे आणि पाठपुरावा वेगळा. ज्या अहवालावरून कोणताही निर्णय होणार नाही, तो मागवूच नये, ही कसोटी लावली तर निम्मे तक्ते गळतील.

मग ‘युद्धपातळी’ ओळखायची कशी?

इतिहासातून पाच प्रश्न हाती लागतात. निर्णय लेखी आहे का? तो पूर्ण करण्याची जबाबदारी एका नावावर आहे का? मुदत ठरली आहे का? संबंधित सर्व खाती एकच आकडा मानतात का? आणि काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी ते तपासले आहे का? बंगालने यात सहावा प्रश्न जोडला : ज्यांच्यासाठी काम चालले आहे, त्यांची स्थिती अहवालाच्या कोणत्या रकान्यात दिसते?

नालेसफाई किती टक्के झाली हे कंत्राटदार सांगतो, तेव्हा पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असते. टंचाईग्रस्त गावांची यादी आणि टँकरच्या फेऱ्या यांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा चौथ्याचे. पुढच्या वेळी ‘युद्धपातळीवर काम सुरू’ अशी ओळ वाचनात आली की, हे सहा प्रश्न विचारून पाहता येतील. उत्तरे मिळाली तर ती युद्धपातळी. नाही तर नेहमीचीच पातळी.